शेवटचं कवा चाललं?

गौरी-गणपती आठ-दहा दिवसांवर आले आणि पावसानं जरा उघडीप दिली की आमच्या दुरुस्तीच्या शेडसमोर ग्रास कटर, म्हणजे गवत कापायची मशीनं, येऊन पडायला लागतात. कुणी मोटरसायकलवर आडवा धरून आणतं, कुणी ट्रॉलीत टाकून. करवीर तालुक्यातलं नदीकाठचं गाव, चहूकडं ऊस. श्रावण सरता सरता बांधावरचं गवत कमरेला लागलेलं असतं. हराळी, लव्हाळा, केना, गाजर गवत, सगळं एकमेकांत गुंतलेलं. मोटरीच्या पेटीपर्यंत जायचं तरी पाय टाकायला भीती वाटते. त्याच दिवसांत मशीन लागतं, आणि नेमकं त्याच दिवसांत ते चालू होत नाही.

आणणारा प्रत्येकजण शेडमध्ये पाऊल टाकता टाकता एकच सांगतो, "दोरी वढून वढून खांदा गेला, पर हूं म्हणंना." काहीजण तर पुरावा म्हणून माझ्यासमोर पुन्हा ओढायला लागतात. मी त्यांना थांबवतो, बसायला सांगतो, आणि विचारतो, "शेवटचं कवा चाललं?"

हा प्रश्न माझा नव्हे, आबांचा. आबा म्हणजे माझे वडील, कोल्हापूरच्या उद्यमनगरात फिटर होते, ऑइल इंजिनांवर त्यांची हयात गेली. कोल्हापूरची कारखानदारी शेतीच्या पोटातून आलेली आहे. नदीवरनं पाणी उचलायला इंजिन लागायचं, गुऱ्हाळाचा घाणा फिरवायला इंजिन लागायचं. ते बिघडलं तर न्यायचं कुठं, यातनं इथं दुरुस्तीची दुकानं उभी राहिली. दुरुस्ती करता करता माणसं सुटे भाग ओतायला लागली, आणि पुढं आख्खी इंजिनंच इथं बनायला लागली. आज शिरोलीला, गोकुळ शिरगावला, कागल-हातकणंगलेच्या एमआयडीसीत मोठमोठ्या गाड्यांचे ओतीव भाग तयार होतात. त्या सगळ्याचं मूळ शेतावर बंद पडलेल्या इंजिनात आहे, असं मी मनापासून मानतो. आणि ते इंजिन चालू करायला रात्री-अपरात्री सायकल मारत गेलेल्या माणसांतही.

आबा त्यांतले एक. नदीकाठी पोचले की ते आधी इंजिनाला हात लावायचे नाहीत. मालकाला दोन गोष्टी विचारायचे. शेवटचं कधी चाललं? आणि बंद कसं पडलं? उसाला पाण्याची पाळी चुकत असायची, मालक घायकुतीला आलेला असायचा, त्याला वाटायचं मेस्त्री उगाच वेळ काढतोय. आबा ऐकून घ्यायचे, मग पाना काढायचे. बहुतेक वेळा पहिला नट सोडायच्या आधीच दोष कुठं आहे ते त्यांना कळलेलं असायचं.

ऑइल इंजिन डिझेलचं, चार-चार माणसांनी उचलायचं धूड. ग्रास कटर पेट्रोलचा, टू स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालवायचा, खांद्याला अडकवून दिवसभर हिंडायचा. पण ते दोन प्रश्न दोघांनाही लागू पडतात. मशीन चालता चालता एकदम, बटण दाबावं तसं गप्प झालं असेल, तर मी करंटच्या मागं लागतो. दम कमी होत होत, आचके देत थांबलं असेल, तर पेट्रोलच्या. पाच-दहा मिनिटं झकास चालून बंद पडतं आणि गार झाल्यावर परत चालू होतं, असं कुणी सांगितलं तर दोन गोष्टी असू शकतात. ठिणगीचा करंट तयार करणारी क्वाइल तापल्यावर मरत असेल, नाहीतर टाकीच्या झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलं असेल. यांतलं कोणतं, ते ओळखायला हत्यारसुद्धा लागत नाही. बंद पडल्या पडल्या झाकण सैल करायचं. फुस्स करून हवा आत गेली आणि मशीन लगेच चालू झालं, तर दोष झाकणाचा. क्वाइल तेवढ्यात गार होत नाही.

पण भाद्रपदाच्या तोंडावर येणारी बहुतेक मशीनं यांतली नसतातच. ती चालता चालता बंद पडलेली नसतात. मागच्या दिवाळीपर्यंत ती उत्तम चाललेली असतात, मालकानं स्वतः बटण दाबून बंद केलेली असतात, गोठ्याच्या कोपऱ्यात टेकवून ठेवलेली असतात. "चांगलं चालत हुतं की वो!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकतो, आणि ते शंभर टक्के खरं असतं. कामानं यंत्र झिजतं, ते दिसतं, त्याचा हिशेब लागतो. माझ्यापुढं येणारी यंत्रं मात्र कामानं नव्हे, ठेवण्यानं बिघडलेली असतात. आज दोरी ओढून जे कळत नाही ते मागच्या हंगामाच्या शेवटच्या संध्याकाळी घडून गेलेलं असतं. म्हणून पहिला प्रश्न तारखेचा.

इंजिनाच्या गरजा फार नाहीत. ठिणगी पाहिजे, पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पाहिजे, ते दाबलं गेलं पाहिजे आणि जळून झाल्यावर धूर बाहेर पडायला वाट पाहिजे. टू स्ट्रोकमध्ये दर फेरीला एक ठिणगी, म्हणजे मिनिटाला 6000 फेऱ्यांवर चालणाऱ्या मशीनमध्ये सेकंदाला 100. यांतलं काय कमी पडतंय, एवढंच शोधायचं असतं. पण शोधायला क्रम लागतो. क्रम सोडून माणसं कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या, स्क्रूंना हात घालतात, आणि मग एका दोषाचे दोन होतात. त्या स्क्रूंना शेवटपर्यंत हात लावू नये, असं मी पोरांना हात जोडून सांगत असतो.

सुरुवात ठिणगी पाडणाऱ्या प्लगपासून करावी. चोक लावून दोरी काही वेळा ओढायची आणि मग प्लग काढून त्याचं टोक बघायचं. बोटाला लावायचं, नाकाशी धरायचं. ओला असेल, पेट्रोलचा वास मारत असेल, तर पेट्रोल आतपर्यंत पोचतंय, जळत मात्र नाही. ठणठणीत कोरडा असेल, तर पेट्रोल पोचतच नाही. निम्मी शोधाशोध इथंच संपते. तरीसुद्धा खांदा जाईपर्यंत ओढणाऱ्यांतले फार थोडे प्लग काढून बघतात, याचं मला नेहमी वाईट वाटतं. प्लगपाना मशीनबरोबरच येतो. खोक्यात प्लास्टिकच्या पिशवीत तो तसाच पडून असतो.

ओला निघाला तर प्लग पुसायचा, वायरीच्या टोपीत बसवायचा, त्याचं लोखंडी अंग सिलिंडरवरच्या पत्र्यासारख्या पंख्यांना टेकवायचं आणि दोरी ओढायची. हे करताना प्लग त्याच्या भोकापासून लांब धरायचा, कारण भोकातनं पेट्रोलची वाफ फवाऱ्यासारखी बाहेर येते आणि ठिणगीनं भडका उडू शकतो. टोकांमधली फट 0.6 ते 0.7 मिलिमीटर. निळसर, टच्च आवाज करणारी ठिणगी पडली की करंटचा प्रश्न मिटला. मग दोष एवढाच की ओढून ओढून पेट्रोल जास्त झालंय. चोक उघडा ठेवून, प्लग बाहेर ठेवून, दोरी ओढत आतलं पेट्रोल उडवून लावायचं, प्लग सुकवायचा, परत बसवायचा. कितीतरी मशीनं एवढ्यावर चालू होतात, आणि मालक पैसे किती म्हणून विचारतो तेव्हा मला घ्यावेसे वाटत नाहीत.

ठिणगी पडलीच नाही तर नव्या प्लगनं परत बघायचं. तरी नाही पडली, तर क्वाइलच्या किमतीचा विचार करण्याआधी बटणाची वायर तपासायची. या मशीनचं बटण करंट चालू करत नाही, क्वाइलचा करंट बॉडीला जोडून मारून टाकतं. हँडलपाशी, ॲक्सिलेटरच्या केबलला घासून त्या वायरचं आवरण गेलं की तांब्याची तार दांडीला टेकते आणि बटण कायमचं दाबून धरल्यात जमा होतं. वायर क्वाइलपासून सोडवून दोरी ओढली आणि ठिणगी आली, तर क्वाइल शाबूत आहे. वीतभर वायर आणि चिकटपट्टी एवढाच खर्च. चांगली क्वाइल बदलून घेतलेले लोक मी बघितले आहेत, जुनी क्वाइल हातात घेऊन, पैसे मोजून गेलेले.

प्लग कोरडा निघाला तर दुसरी परीक्षा. प्लगच्या भोकात ऑइल मिसळलेल्या पेट्रोलचे चार-सहा थेंब सोडायचे, प्लग लावायचा, दोरी ओढायची. मशीन भुर्रकन दोन सेकंद चालतं आणि बंद पडतं. तो आवाज ऐकला की मालकाच्या तोंडावर एकदम उजेड पडतो, इतके दिवस मेलं म्हणून धरलेलं जित्राब हललेलं असतं. त्या दोन सेकंदांत बरंच काही कळलेलं असतं. ठिणगी आहे, दाब आहे, ठिणगी पडायची वेळ बरोबर आहे. उरला फक्त टाकीपासून सिलिंडरपर्यंतचा वीतभर रस्ता.

शेजारच्या गावच्या एक आक्का गेल्या हंगामात मशीन घेऊन आल्या होत्या. नवऱ्याच्या मागं दोन एकर ऊस आणि दोन म्हशी एकट्या बघतात. मशीन पोरानं घेऊन दिलेलं, चालवतात मात्र त्या. प्लग कोरडा, थेंब टाकल्यावर भुर्र. मी टाकी सोडवली.

"आक्का, पेट्रोल कवाचं हाय ह्यात?"

"दिवाळीतलं. का? पेट्रोल काय नासतंय व्हय?"

नासतं. पेट्रोलमधला चटकन पेट घेणारा हलका भाग आधी उडून जातो, आणि मागं राहिलेलं घट्ट होत होत बारीक भोकांमध्ये पिवळट राळ धरतं. मी टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतलं आणि दारात नेऊन उजेडाला धरलं. वर ऑइलचा रंग चढलेलं पेट्रोल, आणि तळाला बोटभर वेगळा, गढूळसर थर. बाटली हलवली तर मिसळल्यागत व्हायचा, ठेवली की परत खाली बसायचा. आक्का वाकून बघत होत्या.

"खाली काय हाय ते?"

"पाणी आणि इथेनॉल."

"मंजी आमचा ऊसच की!"

खरं आहे त्यांचं. देशात पेट्रोलमधलं इथेनॉलचं प्रमाण 2022 च्या जूनमध्ये 10 टक्क्यांवर पोचलं आणि 2025 मध्ये 20 टक्क्यांवर. ते मक्यापासून होतं, तुकडा तांदळापासून होतं, आणि आपल्याकडच्या कारखान्यांत उसाच्या रसापासून आणि मळीपासून होतं. आक्कांच्या रानातला ऊस कारखान्याला जातो, त्याची मळी डिस्टिलरीत जाते, तिथनं टँकर निघतो, आणि तोच ऊस पेट्रोल पंपावरनं बाटलीतनं त्यांच्याच बांधावर परत येतो. इथेनॉलला मी वाईट म्हणणार नाही. कारखान्याला साखरेशिवाय दुसरी मिळकत असली तर उसाचं बिल निघायला मदत होते, आणि बिल थकल्यावर घरात काय होतं हे या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. पण इथेनॉल पाणी ओढून घेतं. मोटरसायकलच्या टाकीत पेट्रोल आठवड्यात संपतं, त्याला पाणी ओढायला सवड मिळत नाही. ग्रास कटरच्या अर्ध्या भरलेल्या टाकीत ते आठ-नऊ महिने बसून असतं. त्यात आपल्याकडचा पाऊस, हवेतच पाणी. पाणी एका हद्दीपलीकडं गेलं की इथेनॉल पेट्रोलची संगत सोडून पाण्याबरोबर तळाला जातं. आणि टाकीतला फिल्टर तळालाच पडलेला असतो, तो नेमकं तेच शोषून घेतो.

दुसरं म्हणजे रबर. या छोट्या इंजिनांच्या माहितीपुस्तकांत बहुतेक ठिकाणी 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं. त्यापुढं जुन्या पाइपा फुगतात, चिकट होतात, नाहीतर चिरतात. आक्कांच्या मशीनची पाइप मी चिमटीत धरून ओढली तर टाकीच्या तोंडाशी तुटूनच हातात आली. फुगा, म्हणजे तो दाबायचा पारदर्शक पंप, दाबला तर नुसते बुडबुडे येत होते. फुगा दाबल्यावर भरतच नाही, तर कुठंतरी हवा खेचतोय. दाबल्यावर चपटाच राहतो, वर येत नाही, तर फिल्टर नाहीतर पाइप चोंदलीय. फुग्याकडं नीट बघितलं तर निम्मं तोच सांगतो.

मग कार्बोरेटर. मोटरसायकलच्या कार्बोरेटरात पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट असतो, गाडी सरळ उभी आहे या भरवशावर त्याचं चालतं. ग्रास कटर बांधाच्या उतारावर आडवा-तिरपा कसाही धरावा लागतो, तिथं फ्लोट काय कामाचा? म्हणून यात दोन पातळ पडद्या असतात. एक पिस्टनच्या खालच्या दाबाच्या हिसक्यांवर हलून टाकीतनं पेट्रोल वर ओढते. दुसरी इंजिनाच्या ओढीनं आत लवते, एका नखाएवढ्या पट्टीला दाबते, पट्टी सुई उचलते आणि पेट्रोलचा थेंब पुढं सरकतो. इंजिनानं मागितलं की पडदीनं लवायचं, एवढीच तिची नोकरी. नवी पडदी बोटाच्या टोकावर ठेवली तर आपल्याच वजनानं दोन्हीकडं लवते. आक्कांच्या मशीनची काढली ती ताठ होती. मी ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी वाकवली तर सुकलेल्या पानासारखी कडकड वाजली.

"हिच्यापायी?" त्या म्हणाल्या.

हिच्यापायीच. कार्बोरेटरात शिरल्यावर आणखी एक जाळी असते, डोळ्याला जवळ धरल्याशिवाय दिसत नाही इतकी बारीक. तिच्यावर तपकिरी साय धरलेली होती. क्लीनरचा फवारा मारून भोकं मोकळी केली. तार घालून मी कधीच साफ करत नाही, भोक मोठं झालं की मशीन परत त्या मापात येत नाही. पडद्यांचा नवा संच, पाइप, फिल्टर, ताजं पेट्रोल. चोकवर एक आचका दिला, चोक उघडला, आणि पुढच्या ओढीला चालू झालं. आक्कांनी ॲक्सिलेटर देऊन स्वतः आवाज बघितला, मान हलवली आणि विचारलं, "मंग दिवाळीनंतर काय करायचं?" पैसे देऊन निघून जाण्याऐवजी हा प्रश्न विचारणारी माणसं मला फार आवडतात.

जाता जाता त्या असंही म्हणाल्या की भांगलणीला आता बाया मिळत नाहीत म्हणून हे मशीन. त्यावर माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. अमेरिकेत ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलस यांना 1971 साली गाडी धुवायच्या मशीनचे गरगरणारे ब्रश बघून दोरी फिरवून गवत कापायची कल्पना सुचली. पॉपकॉर्नच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडून त्यांनी मासेमारीची नायलॉनची दोरी ओवली आणि तो डबा फिरवला. घराभोवतीच्या झाडांच्या बुंध्याशी उगवणारं गवत त्यांना काढायचं होतं, आणि आजही नायलॉनच्या दोरीचं मशीन त्याच कामाला चांगलं आहे. ते वरचं कापतं. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत तशाच राहतात आणि आठवड्यात परत कोंब वर येतात. खुरपं मुळापर्यंत जातं. बांधाला, वाटेला, गोठ्याच्या अंगणाला मशीन वापरावं. भांगलण म्हणजे दुसरं काम, ते बायांच्या हाताचं कसब आहे, आणि त्याची मजुरी देताना आपण घासाघीस करतो हे बरं नाही. कापायची दोरी दगडाला लागली की खडा गोळीसारखा येतो, त्यामुळं चष्म्याशिवाय कुणी मशीन चालवत असेल तर मी रस्त्यात थांबवून सांगतो.

एका गिऱ्हाइकाच्या, तात्यांच्या, मशीननं मात्र मला विचार करायला लावला होता. प्लग ओला, ठिणगी निळी, पेट्रोल आदल्या दिवशीचं, दाब चांगला. सगळं आहे आणि मशीन चालू होत नाही. अशा वेळी उरते ती चौथी गोष्ट, बाहेर जायची वाट. सायलेन्सर सोडवून बघितला तर तोंडात माती. कुंभारीण माशीनं तिथं घर बांधलं होतं, गुळगुळीत, घोटून घोटून केलेलं, आत पिलांसाठी कोंबून ठेवलेल्या हिरव्या अळ्या. इंजिनाला श्वास सोडता येत नसेल तर तो घेताही येत नाही. तात्या घर बघून हळहळले, काडीनं सगळं बाहेर काढलं आणि झाडाच्या बुंध्याशी ठेवलं. माशीचं घर नसतं तिथं काजळी असते. सायलेन्सरच्या तोंडाला ठिणग्या अडवायची जाळी असते, ऑइल जास्त झालं की ती काळी होऊन बुजते. मशीन चोकवर रडत रडत चालतं, ॲक्सिलेटर दिला की बसतं. "ऑइल थोडं जास्तच घातलेलं बरं" म्हणणाऱ्यांची ही गत होते. पुस्तकात 50 ला 1, म्हणजे 50 भाग पेट्रोलला 1 भाग ऑइल, लिहिलं असेल तर लिटरला 20 मिलि, 25 ला 1 असेल तर 40 मिलि. औषधाच्या बाटलीचं मोजायचं टोपण यासाठी उत्तम.

ऑइल अजिबात न घातलेल्या मशीनबद्दल जास्त लिहावंसं वाटत नाही. सायलेन्सर काढला की धूर बाहेर पडायच्या भोकातनं बॅटरीच्या उजेडात पिस्टन दिसतो. अंगावर उभे ओरखडे दिसले की सांगायचं काही उरत नाही. मशीन दोरीच्या मुठीनं उचलून लटकवलं आणि ते सरसर खाली आलं, तर दाब गेलाय. नव्या पिस्टन-सिलिंडरचा खर्च आणि नव्या मशीनची किंमत मी दोन्ही मांडतो, निर्णय मालकाचा.

पुराचं मात्र सविस्तर सांगायला पाहिजे, कारण ते परत येणार आहे. पंचगंगेची पातळी आम्ही राजाराम बंधाऱ्यावर मोजतो. 39 फुटाला इशारा, 43 ला धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये ती 55 फुटांच्या वर गेली, आणि दोन वर्षांत, 2021 च्या जुलैत, परत घराघरांत पाणी आलं. ओसरल्यावर माणसं चिखलातनं एकेक वस्तू काढत होती आणि मशीन सापडलं की पहिल्यांदा दोरी ओढून बघत होती. साहजिक आहे. इतकं गेल्यावर काहीतरी चालू आहे का हे बघावंसं वाटतं. पण तेवढं करू नये. हवा दबते, पाणी दबत नाही. सिलिंडरात पाणी असताना जोर केला तर स्टार्टर मोडतो. आणि पाण्यापेक्षा गाळ वाईट. एकेका ओढीला तो पिस्टनच्या रिंगांवर घासला जातो, आणि ते ओरखडे कायमचे.

बुडालेलं मशीन मिळालं की आधी प्लग काढायचा. मशीन उलटं करून पाणी गळू द्यायचं. टाकी, कार्बोरेटर, सायलेन्सर सोडवायचे. चिखल असेल तर आत सरळ स्वच्छ पाणी घालून धुवायचं, भ्यायचं नाही. मग सावलीत, वाऱ्याला ठेवायचं आणि प्लगच्या भोकातनं, कार्बोरेटरच्या बाजूनंही टू-टी ऑइल, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळतो तेच, सढळ हातानं सोडायचं, पिस्टन हातानं हळूहळू फिरवत. हे सगळं त्याच दिवशी. पाण्यात असेपर्यंत बेअरिंगचं फारसं बिघडत नाही, बाहेर येऊन हवा लागली की गंज धरायला लागतो. पाणी ओसरल्या ओसरल्या आलेली मशीनं बरीचशी वाचली. जी घर साफ करून, पंचनामे होऊन, पंधरवड्यानं आली त्यांच्या बेअरिंगा बसल्या होत्या. त्या लोकांना त्या दिवसांत ग्रास कटर आठवला नाही यात त्यांचा काय दोष? म्हणून आता आषाढात नदीचं पाणी पात्राबाहेर पडायच्या आधीच मी गावात सांगत फिरतो, की मशीनं माळ्यावर टाका.

आणि दिवाळीनंतरचं काय, या आक्कांच्या प्रश्नाचं उत्तर. शेवटचं गवत कापून झालं की त्याच संध्याकाळी टाकी रिकामी करायची. फुगा दाबून पाइपेतलं पेट्रोलही टाकीत आणायचं, तेही काढायचं. मग मशीन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायचं, म्हणजे पडद्यांवर थेंब राहत नाही. प्लग काढून चमचाभर टू-टी ऑइल आत सोडायचं, दोरी सावकाश ओढून पिस्टन वर, जड लागेल तिथं आणून ठेवायचा आणि प्लग परत लावायचा. मशीन जमिनीवर टेकवू नये, खुंटीला टांगावं. उंदीर पाइप कुरतडतात, गोठ्यात तर हमखास.

ऑइल मिसळलेलं उरलेलं पेट्रोल ताजं असेल तर मोटरसायकलच्या भरलेल्या टाकीत ओतलं तरी चालतं, एवढ्याशा ऑइलनं तिचं काही बिघडत नाही. जुनं, वास बदललेलं असेल तर कशातच घालू नये, आणि विहिरीच्या, ओढ्याच्या आसपास तर मुळीच ओतू नये. सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा घालावा, कुंभारणीला तिथं जागा नको. बोळा लाल कापडाचा घ्या आणि चांगला वीतभर बाहेर लोंबता ठेवा, म्हणजे श्रावणात दोरी ओढायच्या आधी काढायचा विसर पडत नाही.